चोवीस ओळींच्या बाई

'नीट बघा' असं बाई कधी कुणाला म्हणाल्या नाहीत. एरवी त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं. मालकांना भर बैठकीत 'आपल्याला यातलं कळत नाही, तेव्हा आपण ऐकावं' असं त्यांनी सुनावलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. पण काम करणारा माणूस चुकला, गोंधळला, समोरचं त्याला दिसलं नाही, तर त्याला त्या कधी बोलल्या नाहीत. 'नीट बघा म्हणायची वेळ आली, याचा अर्थ आपण नीट मांडलेलं नाही,' एवढं बोलून त्या आपल्या टेबलाशी जायच्या आणि मांडणी बदलायला बसायच्या.

यावरून कुणाला वाटेल की बाई मोठ्या प्रेमळ होत्या. तसं काही नाही. त्यांच्या हाताखाली काम करणं म्हणजे रोज खरखरीत टॉवेलनं अंग पुसून घेणं. स्वच्छ व्हायचं, पण सुख काही नाही. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली ती मला दुसरीकडे जायचा कंटाळा म्हणून. त्यांना हे माहीत होतं. 'तू निष्ठावान नाहीस, आळशी आहेस,' असं त्या मला सांगायच्या, आणि वर चहा पाजायच्या.

आमचं ऑफिस म्हणजे औषधांचा घाऊक व्यापार. पेठेतल्या एका इमारतीत खाली गोदाम, वर आम्ही. गावोगावचे केमिस्ट फोनवर ऑर्डर सांगतात, आमचे ऑपरेटर कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन धरून ती टाइप करतात, खाली बिल छापून येतं आणि माल निघतो. हे सगळं अगदी परवापरवापर्यंत काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांत चालायचं. चित्र नाही, माऊस नाही. चोवीस ओळी आणि ओळीत ऐंशी अक्षरं, एवढाच प्लॉट. त्यात कुठे काय बांधायचं ते बाई ठरवायच्या.

त्यासाठी एक सोय होती, तिला आम्ही पेंटर म्हणायचो. तो चालू केला की समोर नुसता काळा पडदा यायचा आणि एक चौकोनी ठिपका लुकलुकायचा. तो हवा तिथे न्यायचा आणि तिथे लिहायचं, 'नाव'. शेजारी नाव टाइप करायला जेवढी जागा सोडायची तेवढ्या रेघा मारायच्या. मग 'औषध', मग 'नग'. मनासारखं झालं की एक बटण दाबायचं, आणि पेंटर त्या चित्रावरून प्रोग्रॅमच्या ओळी स्वतःच लिहून द्यायचा. आपण फक्त चित्र काढायचं. मला ते एका दुपारचं काम वाटायचं. बाई एका चित्राला आठवडा घ्यायच्या. एक शब्द एका घरानं डावीकडे सरकवायचा, खुर्ची मागे ढकलायची, चष्मा काढून बघायचं, तो शब्द पुन्हा उजवीकडे. कुणीतरी कौतुकानं म्हणालं, 'बाई, अगदी ठिपक्यांची रांगोळी हो.' बाई म्हणाल्या, 'रांगोळी कुणी पुसली तर चालतं.' ते कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

त्यांना सगळे बाई म्हणायचे त्याला कारण मी. ऑफिसात येण्याआधी मी त्यांची विद्यार्थिनी होते आणि माझ्या तोंडून तो शब्द सुटेना, मग तो सगळ्यांना चिकटला. मंडईजवळ एका उदबत्तीवाल्याच्या वरच्या माळ्यावर त्या कॉम्प्युटरचा क्लास घ्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला जिन्यावरून खाली उतरवलं आणि मंडईत नेऊन एका गाळ्यासमोर उभं केलं. म्हणाल्या, 'गिऱ्हाईक पिशवी कशी भरतं ते बघत राहा.' आम्ही बघत राहिलो. कांदे-बटाटे तळाशी, त्यावर फ्लॉवर, मग टोमॅटो, सगळ्यात शेवटी कोथिंबीर.

'आता समजा भाजीवाल्यानं पहिल्यांदा विचारलं, टोमॅटो किती? तर काय होईल?'

'चिरडतील,' एक मुलगा म्हणाला.

'चूक कुणाची?'

'गिऱ्हाइकाची. त्यानं आधी बटाटे मागायला हवेत.'

'आपण उद्यापासून आला नाहीत तरी चालेल,' बाई म्हणाल्या. तो मुलगा खरंच आला नाही. नंतर तो परदेशात मोठ्या हुद्द्यावर गेल्याचं कळलं. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, 'तिथले टोमॅटो टणक असतील.'

त्या राहायच्या खडकीला. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होते, बालपण सगळं क्वार्टर्समध्ये गेलेलं. घरात कात्री, किल्ली, काडेपेटी, सगळ्याला जागा ठरलेली. जागेवर वस्तू नसली तर वडील रागवायचे नाहीत, नुसते उभे राहायचे, आणि ते उभं राहणं फार वाईट असायचं, असं त्या सांगायच्या. लग्न केलं नाही. का, ते मी एकदाच विचारलं. 'मांडणी जमली नाही,' म्हणाल्या आणि फाइल उघडली. सुती साडी, पायात कापडी बूट, मनगटावर वडिलांचं घड्याळ. खडकीहून मोपेडवर यायच्या, आणि सिग्नलला थांबल्या की दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं मोजायच्या. भाच्याच्या लग्नाची पत्रिका त्यांनी लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून परत पाठवली होती. 'कुठे यायचं आणि कधी, हे दोन सोडून सगळं आहे हिच्यात,' असं वर लिहून. त्या बाजूचं जाणं-येणं पुढे बंद झालं.

पडद्यावरचे निरोपही त्यांचेच. अक्षरं इंग्रजी, पण भाषा शुद्ध पुणेरी. कुणी चुकीची तारीख टाकली की उमटायचं, 'जूनला एकतीस तारीख नसते.' बंद झालेलं औषध मागितलं की, 'हे औषध बंद झाले. पुन्हा विचारल्याने सुरू होणार नाही.' मालकांना 'कृपया ग्राहकाचे नाव भरा' असं काहीतरी हवं होतं. बाईंनी 'नाव' एवढंच ठेवलं. 'कृपया कशाला? तो कामाला बसलाय, पंगतीला नाही.' आणि काही पुसून टाकण्याआधी 'नक्की का?' असं विचारायला त्यांनी साफ नकार दिला. 'माणसाला खात्री आहे का, हे विचारू नये. चुकला तर परत येता आलं पाहिजे. एवढी सोय केली की बस.'

हे सगळं लिहिताना मला मजा वाटते आहे, पण मी नुसती मागेपुढे करते आहे हेही मला कळतंय. बाईंबद्दल लिहायचं म्हणजे गायकवाडांच्या डोळ्यांबद्दल लिहिणं आलं. ते टाळून बघितलं. नाही टाळता येत.

गायकवाड आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. कात्रजच्या पलीकडचं त्यांचं गाव केव्हाच शहरात आलं होतं. थोडी जमीन राहिली होती, तिच्यावर मुलगा गुरं आणि दोन भाडेकरू सांभाळायचा. गायकवाड मात्र नोकरीवर खूश. फोनवर त्यांचा आवाज ऐकला की गावाकडचे केमिस्ट आधी पाऊसपाणी विचारायचे आणि मग ऑर्डर सांगायचे. बोटं अशी चालायची की बघत राहावं. आणि स्वभाव असा की बाईंसारख्या बाईशीही त्यांचं कधी वाजलं नाही.

एकदा त्यांच्या चुका व्हायला लागल्या. मोठ्या नव्हेत, पण जुन्या बॅचचा माल जायचा. पडद्याच्या अगदी खालच्या, चोविसाव्या ओळीत निरोप उमटायचा, 'बॅच बदलली आहे', आणि गायकवाड तो ओलांडून पुढे जायचे. मालक चिडले. बाई त्यांच्या खुर्चीमागे दोन दिवस उभ्या राहिल्या. मग परत येऊन मला म्हणाल्या, 'चूक माझी आहे. माणूस मधल्या ओळीत टाइप करतोय आणि मी तळाशी कुजबुजते आहे. कसं दिसणार?' त्यांनी पेंटर उघडला, निरोपाची ओळ उचलली आणि मधोमध, औषधाच्या नावाखाली आणून ठेवली. सगळ्यांसाठीच. गायकवाडांच्या चुका थांबल्या. बाई त्या संध्याकाळी इतक्या खुशीत होत्या की त्यांनी सगळ्यांना बटाटेवडे मागवले.

पुढे काही काळानं उजव्या कडेला असलेला शिल्लक मालाचा आकडा गायकवाडांना शोधावा लागतोय, असं बाईंच्या ध्यानात आलं. तो आकडा आत आला. मग डावीकडचा केमिस्टचा क्रमांक आत आला. मग वरचं शीर्षक गेलं, 'कुठे बसलोय हे माणसाला माहीत असतं' म्हणून. वर्षामागून वर्षं बाईंचा पडदा असा चहूकडून आक्रसत गेला. शेवटी शेवटी त्या चोवीस ओळींतल्या मधल्या सात-आठच वापरात होत्या आणि भोवती नुसता काळोख. नवीन लागलेल्या एका मुलीनं विचारलं, 'मॅडम, बाजूची जागा रेंटवर द्यायचीय का?' बाई म्हणाल्या, 'पुण्यात उरलेली एवढीच मोकळी जागा आहे. असू दे.' सगळे हसले. गायकवाड सगळ्यात मोठ्यानं हसले.

आता कुणीही म्हणेल, एकाला तरी शंका यायला नको होती का? पण कशावरून येणार? गायकवाड वर्तमानपत्र वाचायचे. मोबाइलवरचा बारीक मजकूर वाचायचे. सुईत दोरा ओवून द्यायचे. बाईंनी एकदा विचारलंही होतं, 'अहो गायकवाड, चष्मा बदलायचा का?'

'बदलला की बाई. दुकानवाला म्हनला, नंबर येवडासाच वाढलाय. लांबचं-जवळचं सगळं झकास दिसतंय.'

ते खोटं बोलत नव्हते. समोरचं त्यांना झकासच दिसत होतं.

हां, मोपेडवरून पडून कोपर सोलवटलेलं घेऊन ते दोनदा आले होते. कात्रजच्या चौकात म्हणे कुत्रं आडवं आलं. एकदा ऑफिसात कुणाच्या तरी हातातल्या चहाला त्यांचा धक्का लागला. 'लोक हल्ली कुटूनबी येत्यात,' ते म्हणाले, आणि आम्हाला ते पटलं. पुण्यात लोक कुठूनही येतात, यावर कोण वाद घालणार?

बाईंना मात्र गायकवाडांचा फार अभिमान. म्हणजे स्वतःचाच, पण तो त्यांच्यामार्फत. कुणी पाहुणा आला की त्या त्याला गायकवाडांच्या मागे उभं करायच्या. 'बघा. एकदा तरी थांबतायत का?' माणूस थांबला नाही म्हणजे मांडणी जमली. वर्षातून एकदा पगारवाढीच्या वेळी मालक कुरकुरायचे की बाई नवीन काही करत नाहीत, तेव्हाही त्यांचं उत्तर हेच, 'गायकवाडांना विचारा, त्यांना काही अडतं का.'

मग मालकांचा मुलगा धंद्यात आला आणि त्याच्याबरोबर नवी सिस्टिम. यात वाईट काही नव्हतं. जुनी मशिनं मरत होती, त्यांचे सुटे भाग मिळत नव्हते, आणि पेंटर चालवू शकणारी माणसं बाई आणि मी, दोघीच उरलो होतो. मला स्वतःला हा बदल हवा होता असं नाही, नको होता असंही नाही. माझ्या नोकरीत मी इतक्या सिस्टिमा येताना आणि जाताना बघितल्या की आता मला त्यांच्या बारशाला आणि बाराव्याला सारखाच कंटाळा येतो. बाई भांडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या भांडल्या नाहीत. 'माझ्या निवृत्तीचं वय केव्हाच होऊन गेलंय, मालक विसरलेत आणि मी आठवण केली नाही,' एवढंच म्हणाल्या.

नवी सिस्टिम दाखवायला हिंजवडीकडून दोन मुलं आली. चांगली होती बिचारी, नम्र होती. मोठा पडदा, पांढरा शुभ्र, चारी कोपऱ्यांत काही ना काही. मालकांच्या मुलानं सगळ्यांना बोलावलं आणि मान म्हणून पहिल्यांदा गायकवाडांना बसवलं. बाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या.

गायकवाडांनी औषधाचं नाव टाइप केलं, नग टाकले आणि थांबले.

'काका, आता सिम्पल आहे,' एक मुलगा म्हणाला. 'बॉटम राइटला बघा ना, सेव्हचं बटण आहे. क्लिक करा फक्त.'

गायकवाडांनी माऊस फिरवला. बाण वर गेला, मधे आला, डावीकडे गेला.

'काका, राइटला. खाली. हिरवं आहे बघा, मोठं.'

'हाय का? कुटं?' बाण पुन्हा मधे आला. कुणीतरी हसलं. 'गायकवाड, गुरं शोधताय का?' अजून दोघं हसले, आणि गायकवाडही हसले, पण त्यांच्या कानशिलावर घाम आला होता. ते नुसते डोळे फिरवत नव्हते, अख्खी मान फिरवत होते, रस्ता ओलांडताना फिरवावी तशी.

बाई भिंतीपासून निघाल्या. मला वाटलं, आता त्या त्या मुलांची हजेरी घेणार. त्या गायकवाडांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'गायकवाड, समोर बघा. मान हलवू नका.' आणि त्यांनी आपला हात गायकवाडांच्या उजव्या कानाजवळ धरला, पंजा उघडा ठेवून.

'हात दिसतो?'

'कुटला हात, बाई?'

त्यांनी हात पुढे आणला. गालाच्या रेषेत. अजून पुढे. हात जवळजवळ नाकासमोर आला.

'हां. आता आला,' गायकवाड म्हणाले. 'आदी कुटं व्हता?'

बाईंनी हात खाली घेतला. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. मी तो एकदाच बघितला आणि नजर काढून घेतली.

त्याच दुपारी आम्ही तिघं रिक्षानं डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथे एक तपासणी करतात. पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, नजर मधे ठेवायची, आजूबाजूला बारीक दिवे लागतात, दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. दार अर्धवट उघडं होतं. बाहेरच्या बाकावर आम्हाला बटणाचा टकटक आवाज ऐकू येत होता. थोडी टकटक व्हायची, मग बराच वेळ काहीच नाही. दिवे तर लागत असणार. बाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. आयुष्यभर त्या लोकांच्या मागे उभं राहून बोटं कुठे थांबतात ते ऐकत आल्या होत्या. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाल्या, 'गप्प बस.'

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तपासणीचा कागद टेबलावर ठेवला. दोन डोळ्यांचे दोन गोल छापलेले. दोन्ही कडेनं काळे, काळं आत आत सरकत आलेलं, आणि मधे थोडी उजेडाची जागा. काचबिंदू, त्या म्हणाल्या. यात दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेनं जाते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही आणि चष्म्याच्या दुकानातही कळत नाही. जे गेलं ते परत येत नाही. उरलंय ते थेंबांनी राखता येईल.

बाई त्या कागदाकडे बघत होत्या. 'हे मी काढलंय,' त्या म्हणाल्या.

'म्हणजे?' डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. मला कळलं. आमच्या ऑफिसात प्रत्येक टेबलावर तेच चित्र होतं. काळोख, आणि मधे सात-आठ ओळींचा उजेड. प्रत्येक वर्षी तो किती आत सरकला तेही त्यांना पाठ होतं. गायकवाडांचे डोळे कुठून कुठून आणि कसे गेले ते जगात एकाच माणसानं इतक्या बारकाईनं टिपलं होतं, आणि ते त्या माणसालाच कळलं नव्हतं. माणूस चुकत नाही, मांडणी चुकते, हे त्यांचं इतकं पक्कं होतं की माणसाला काही झालं असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

'पण काका, इतकं होईपर्यंत तुम्ही आला कसे नाहीत?' डॉक्टरीणबाई गायकवाडांना विचारत होत्या. 'बहुतेक पेशंट कामात अडायला लागले की येतात आमच्याकडे.'

'कामात न्हाई अडलं कदी,' गायकवाड म्हणाले. मग बाईंकडे मान वळवून, अगदी अभिमानानं, 'आमच्या बाईंचं कामच तसं हाय.'

येताना गायकवाडांना फाट्यावर सोडलं. मुलगा न्यायला आला होता. ते उतरून हात जोडून म्हणाले, 'बाई, लई तरास दिला तुमाला.'

त्यानंतर बाई ऑफिसात आल्या नाहीत. निरोप समारंभ ठरला होता, त्यालाही नाही. शाल आणि नारळ मी खडकीला नेऊन दिला. नवी सिस्टिम सुरू झाली. पहिले दोन महिने सगळ्यांनी शिव्या दिल्या, आता विसरले. मालकांनी गायकवाडांना काढलं नाही, पण त्यांच्या स्वतःच्या मुलानंच त्यांना घरी बसवलं. त्यांची मोपेडही विकून टाकली. ते बरोबरच होतं.

मी अधूनमधून बाईंकडे जाते. सुरुवातीला त्या या विषयावर बोलायच्याच नाहीत. एकदा मी समजूत घालायला गेले. म्हटलं, 'बाई, तुम्ही डॉक्टर नाही. तुम्ही तुमचं काम केलंत.' त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा मंडईत त्या गाळ्यासमोर उभी असल्यासारखं मला वाटलं. 'एकदा तरी त्यांना अडू द्यायला हवं होतं,' त्या म्हणाल्या. 'एकदा अडले असते, चिडले असते, मालकांनी हाकललं असतं डोळे दाखवायला. मी अडूच दिलं नाही.' मी भांडी घासून ठेवली आणि घरी आले.

गेल्या महिन्यात मी तिथे होते तेव्हा गायकवाड आले. बरोबर त्यांची बायको. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते; ठेंगणी, हसरी बाई, एका हातात अंजिरांची पिशवी आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याचं कोपर धरलेलं. थेंब नियमानं चालू होते, आहे तेवढी नजर टिकून होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आता मान वळवून वळवून बघायची सवय लावा, जे दिसत नाही ते शोधायला शिका. 'पर ह्यांना सवयच न्हाई,' वहिनी म्हणाल्या.

गायकवाड खुर्चीत बसले आणि बाईंचं कौतुक सुरू केलं. बाई होत्या म्हणून नोकरी शेवटपर्यंत टिकली, बाई होत्या म्हणून पोराचं शिक्षण झालं. बाई खाली मान घालून अंजिरं ताटलीत काढत होत्या. शेवटी म्हणाल्या, 'अहो गायकवाड, एकदा भांडा तरी माझ्याशी.' गायकवाड हसले. त्यांना तो विनोद वाटला.

'मी मात्र लई भांडले बरं का ह्यांच्यासंगं,' वहिनी म्हणाल्या. 'घरात नुसते धडकायचे. कपाटाला, दाराला, पान्याच्या बादलीला. मी म्हनायची, डोळे दाखवा. तर मलाच वरडायचे. म्हनायचे, हापिसात दिवसभर मला समदं दिसतंय, तुझ्याच घरात सामान वाटंत असतंय.' त्या हसत हसत सांगत होत्या. 'मला वाटायचं, आसंल बया. हापिसात दिसतंय म्हनल्यावर डोळे चांगलेच आसणार. मग मी कपाट हलवलं, बादली हलवली, ह्यांच्या वाटंतलं एकेक काढत गेले.'

बाईंनी वर बघितलं. त्या दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या. वहिनींचं हसू हळूहळू उतरलं. बहुतेक त्यांनाही तेव्हाच कळलं असावं.

मी आतून चहा आणला. बाईंनी माझ्या हातातून गायकवाडांचा कप घेतला आणि तो त्यांच्या समोर न ठेवता टेबलाच्या पार डाव्या कडेला ठेवला. गायकवाडांनी हात पुढे केला. समोर काही नव्हतं. त्यांनी टेबल चाचपलं, बोटं इकडेतिकडे फिरली. वहिनी सवयीनं पटकन पुढे झाल्या, कप सरकवून द्यायला. बाईंनी त्यांचा हात धरला.

'राहू द्या,' बाई म्हणाल्या. 'मान वळवू द्या त्यांना.'

गायकवाड गोंधळले होते. त्यांनी उजवीकडे बघितलं, मग खाली. मला ते बघवत नव्हतं. उठून कप त्यांच्या हातात द्यावा असं वाटत होतं. बाईंनी वहिनींचं मनगट सोडलं नाही. मग गायकवाडांनी सावकाश, पार खांद्यापर्यंत मान डावीकडे वळवली.

'हितं व्हय,' ते म्हणाले, आणि कप उचलला.